गाडीचे डबे दिसतात, माणसे मोजावी लागतात

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. वडील मालगाडीवर गार्ड होते. रात्री-अपरात्री ड्युटीचा निरोप घेऊन कॉलबॉय सायकलवरून यायचा, कडी वाजवायचा. वडील व्हरांड्यातल्या दिव्याखाली त्याच्या वहीत सही करायचे आणि आई डबा भरायला घ्यायची. कॉल साधारण कधी येणार हे वडिलांना बहुतेक वेळा आधीच ठाऊक असे. ड्युटीवरून परतताना ते लॉबीतला, म्हणजे गाडीवरची माणसे हजेरी लावतात त्या खोलीतला, फळा वाचून येत. गार्ड किती हजर, किती रजेवर, किती आजारी, किती बाहेरगावी, हे त्यावर खडूने लिहिलेले असे. तो बघून ते आईला सांगत, "आज झोप होईल," नाहीतर, "आज काही खरं नाही, फळ्यावर चारच नावं आहेत." आमच्या घरातल्या लग्नाकार्याला कोण जाणार, गणपतीत वडील घरी असणार की नाही, हे सगळे त्या फळ्यावर ठरायचे. रेल्वे माणसांवर चालते आणि माणसे मोजता येतात, हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी घरात शिकलो.

आता राहतो शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलमध्ये. गावाच्या मधून बीएनएसएफ कंपनीचा रेल्वेमार्ग जातो. फाटकाशी मोटार थांबली की डबे मोजायची लहानपणीची सवय अजून सुटलेली नाही. कोळसा, धान्य, कंटेनर. शंभर, सव्वाशे, कधी त्याहून जास्त. डबे कोणालाही मोजता येतात. पण एवढ्या गाडीवर माणसे फक्त दोन असतात: इंजिन चालवणारा, ज्याला इथे इंजिनीअर म्हणतात, आणि कंडक्टर. ती दोन माणसे किती झोप घेऊन आली, त्यांच्यामागे बदलीला कोणी आहे का, या डब्यांची तपासणी करणारे यार्डात किती उरले, हे फाटकावरून दिसत नाही. ते बघायचे तर फळा लागतो. या देशात असा एक फळा आहे. तो फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि त्याच्याविषयी मला आज आग्रहाने काही सांगायचे आहे.

अमेरिकेत सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड नावाची एक छोटी केंद्रीय संस्था रेल्वे कंपन्यांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवते. रेल्वे इथे खासगी आहे. रूळ, इंजिने, जमीन सगळे कंपन्यांचे. त्यातल्या सर्वांत मोठ्यांना 'क्लास वन' म्हणतात. वार्षिक उत्पन्न किती असले की कंपनी या वर्गात येते ती मर्यादा बोर्डाने २०२१ मध्ये २०१९ च्या दरांनी ९० कोटी डॉलर अशी ठरवली. अशा कंपन्या आज सहा आहेत: बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न, आणि कॅनेडियन नॅशनल व कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी या दोन कॅनडियन कंपन्यांचे अमेरिकेतले भाग. या सहांना दर महिन्याला बोर्डाकडे एक तक्ता द्यावा लागतो. त्याचे नाव 'वेज फॉर्म सी'. महिन्याच्या मध्यावर तुमच्या पटावर किती माणसे होती, ते सहा गटांत सांगा, एवढेच त्यात विचारलेले असते. पहिला गट वरिष्ठ अधिकारी आणि त्यांचे सहायक. दुसरा कार्यालयीन आणि तज्ज्ञ मंडळी. तिसरा रूळ, पूल, इमारती सांभाळणारे, म्हणजे आपले ट्रॅकमन. चौथा इंजिने-डबे दुरुस्त करणारे आणि भांडार. पाचवा वाहतुकीतले, पण गाडीवर न जाणारे. सहावा प्रत्यक्ष गाडीवर जाणारे. याच्या जोडीला दर तिमाहीला दुसरे तक्ते जातात. त्यांत कामाचे तास आणि दिलेला पगार असतो. महिन्याच्या तक्त्यातले आकडे बोर्ड सर्वांसाठी जाहीर करते.

कागद कमी करण्याच्या कायद्यानुसार असा प्रत्येक तक्ता दर तीन वर्षांनी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. बोर्ड जाहीर विचारते: हा कागद खरोखर लागतो का, त्याचा भार किती, तो कमी करता येईल का? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे की हा तक्ता लागतोच, आणि आज आहे त्यापेक्षा तो मोठा व्हायला हवा.

कारण कळण्यासाठी थोडे मागे, १८८७ पर्यंत, जावे लागेल. त्या वर्षी इंटरस्टेट कॉमर्स कमिशन स्थापन झाले. आजचे बोर्ड त्याचेच वारस, १९९६ पासूनचे. कमिशनचे मूळ काम भाड्यांतला अन्याय रोखण्याचे होते. पण त्याने हेन्री कार्टर अॅडम्स या अर्थशास्त्रज्ञाला सांख्यिकीप्रमुख नेमले आणि अॅडम्स यांनी रेल्वे कंपन्यांकडून पैशांच्या हिशेबाबरोबर माणसांचाही हिशेब मागवला. त्या काळी दोन डबे जोडताना ब्रेक्समनला, म्हणजे डबे जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या कामगाराला, डब्यांच्या मधे उभे राहून लोखंडी कडी हाताने खोबणीत घालावी लागे आणि वरून खिळा ठोकावा लागे. डबा हलता असे. बोटे जात, हात जात, माणूस जाई. नोकरी मागायला आलेल्याचा अनुभव त्याच्या हाताला किती बोटे उरली आहेत यावरून ओळखतात, असे रेल्वेतले लोक सांगत. हे सगळ्यांना माहीत होते, आणि सगळ्यांना माहीत असूनही वर्षानुवर्षे काही झाले नाही. कंपन्यांचे उत्तर तयार असे: धंदा धोक्याचा आहे, माणूस बेसावध होता.

मग आकडे आले. ३० जून १८८९ ला संपलेल्या वर्षात अमेरिकी रेल्वेत ७,०४,७४३ माणसे कामाला होती. त्यांपैकी १,९७२ कामावर मेली आणि २०,०२८ जखमी झाली. म्हणजे दर ३५७ माणसांत एक मृत्यू आणि दर ३५ माणसांत एक जखमी. फक्त गाडीवरच्या माणसांचे गणित वेगळे काढले तेव्हा प्रमाण त्याहून कितीतरी पटींनी भीषण निघाले. मला या ठिकाणी वाचकाने क्षणभर थांबावे असे वाटते. १,९७२ हा आकडा एकटा पुढे आला असता तर तो मोठ्या देशातला मोठा आकडा म्हणून विरून गेला असता. त्याच्याखाली सात लाख हा भाजक आला तेव्हा प्रत्येक घराला आपल्या माणसाची शक्यता मोजता आली. आणि भाजकाचे गटवार तुकडे झाले तेव्हा मरण कुठे साचले आहे ते दिसले: कचेरीत नाही, डब्यांच्या मधल्या फटीत.

राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी डिसेंबर १८८९ च्या संदेशात रेल्वेतल्या अशाच आदल्या वर्षाच्या आकड्यांचा आधार घेतला. एका उपयुक्त आणि आवश्यक धंद्यातल्या कामगाराला युद्धातल्या सैनिकाइतका जिवाचा धोका असावा, ही आपल्या सभ्यतेला लाज आणणारी गोष्ट आहे, असे त्यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, सांगितले. २ मार्च १८९३ रोजी त्यांनीच स्वयंचलित जोडणी आणि हवेचे ब्रेक सक्तीचे करणाऱ्या कायद्यावर सही केली. आकड्यांनी एकट्याने हा कायदा केला नाही; लोरेन्झो कॉफिन यांच्यासारखी माणसे त्याआधी अनेक वर्षे याच मागणीसाठी दारोदार फिरली होती. पण त्यांच्या हातात आकडे नव्हते तोवर ती नुसती तळमळ होती.

आता याच्या उलट बाजूही मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९२० च्या सुमारास अमेरिकी रेल्वेत वीस लाखांच्या घरात माणसे होती. आज मोठ्या कंपन्यांत सव्वा लाखाच्या आत आहेत. ही सगळी घट म्हणजे अन्याय असे मी म्हणणार नाही. वाफेची इंजिने गेली, त्यांच्याबरोबर कोळसा टाकणारे फायरमन आणि बॉयलर सांभाळणारे गेले. रूळ बदलायला यंत्रे आली. प्रवासी विमानांत आणि मोटारींत गेले. मालगाडीच्या शेवटी असायचा तो लाल डबा, आपल्या ब्रेकव्हॅनचा, म्हणजे गार्डच्या डब्याचा, भाऊ, १९८० च्या दशकात इथून नाहीसा होत गेला. त्याच्या जागी शेवटच्या डब्याच्या कपलरवर दिवा आणि हवेचा दाब कळवणारी पेटी लागली. माझ्या वडिलांनी आयुष्य ब्रेकव्हॅनमध्ये काढले, म्हणून हे लिहिताना आत काहीतरी हलते. तरीही ती पेटी काम करते हे खरे आहे. माणसे कमी होणे हा गुन्हा नव्हे. ती कोणत्या गटातून, किती वेगाने कमी झाली आणि त्यांचे काम आता कोण करतो, हे कोणालाच कळू नये, हे मात्र चालणार नाही.

या फरकाचे ताजे उदाहरण २०१६ ते २०२२ या सहा वर्षांत घडले, आणि त्याने माझे मत पक्के केले.

हंटर हॅरिसन नावाचे एक रेल्वेप्रमुख होते. इलिनॉय सेंट्रल, मग कॅनेडियन नॅशनल, मग कॅनेडियन पॅसिफिक, आणि २०१७ मध्ये सीएसएक्स, अशा एकामागून एक कंपन्या त्यांनी चालवल्या. त्यांच्या पद्धतीला 'प्रिसिजन शेड्युल्ड रेलरोडिंग' म्हणतात. गाड्या लांब करा, यार्डे बंद करा, इंजिने कमी वापरा, माणसे कमी ठेवा. तिच्या यशाचे माप एकच: शंभर डॉलर मिळवायला किती डॉलर खर्च झाले. तो आकडा साठापर्यंत खाली आला की शेअर बाजार टाळ्या वाजवी. हॅरिसन डिसेंबर २०१७ मध्ये वारले, पण त्यांची पद्धत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी उचलली. बीएनएसएफने ते नाव घेतले नाही, तरी माणसे तिथेही घटली. मग २०२० मध्ये साथ आली, माल कमी झाला, कंपन्यांनी आणखी माणसे घरी बसवली. माल परत आला तेव्हा त्यांना बोलावणी गेली. अनेकजण आले नाहीत. कुठे ट्रक चालवायला लागले होते, कुठे बांधकामावर. नवा कंडक्टर तयार व्हायला काही महिने लागतात, इंजिनीअर व्हायला त्याहून जास्त. बाजारातून डबा भाड्याने आणता येतो, तयार कंडक्टर आणता येत नाही.

२०२२ च्या वसंतात सगळे उघडे पडले. सीएफ इंडस्ट्रीज या मोठ्या खत उत्पादकाने एप्रिलमध्ये जाहीर केले की युनियन पॅसिफिकने आपल्याला माल कमी पाठवायला सांगितले आहे. पेरणीचा हंगाम तोंडावर होता. जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर फार्म्सने बोर्डाकडे धाव घेतली. मक्याच्या गाड्या येत नव्हत्या. कोंबड्या आणि दुभत्या गाई उपाशी राहण्याची वेळ आली होती. बोर्डाला तातडीचा आदेश काढून मका पोहोचवायला लावावा लागला. दरम्यान २६ आणि २७ एप्रिलला बोर्डाने वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावणी घेतली होती. शेतमालवाले, रसायनवाले, कामगार संघटना, कंपन्यांचे प्रमुख, सगळे आले. त्या काळात बोर्डाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवले: सहा वर्षांत या कंपन्यांनी मिळून २९ टक्के, म्हणजे सुमारे ४५,००० माणसे कमी केली आहेत. त्या वाक्याने चर्चेची दिशा बदलली. साथीमुळे, हवामानामुळे, बंदरांच्या गर्दीमुळे, अशी सगळी कारणे समोर होती आणि त्यांत तथ्यही होते. पण बोर्डाकडे महिन्यामागून महिन्याचा हिशेब होता, आणि घसरण साथीच्या कितीतरी आधी सुरू झाली होती हे त्या हिशेबात दिसत होते. आपल्याला आणखी माणसे हवीत हे कंपन्यांनी कबूल केले.

६ मे रोजी बोर्डाने आदेश काढला: सर्व क्लास वन कंपन्यांनी दर आठवड्याला सेवेचे आणि दर महिन्याला मनुष्यबळाचे अधिक तपशीलवार आकडे द्यायचे, चार सर्वांत मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी शिवाय सुधारणेचा आराखडा द्यायचा.

इथे एक चोख प्रश्न येतो आणि तो मला टाळायचा नाही. 'वेज फॉर्म सी' तर ती सहाही वर्षे दर महिन्याला येत होता. आकडे जाहीर होते. कोणीही उघडून पाहू शकत होता. तरी खताची गाडी अडकेपर्यंत आणि गाईच्या दावणीला चारा नसेपर्यंत कोणी हालले नाही. मग या मोजणीने मिळवले काय?

मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. वडिलांच्या फळ्याचा विचार केल्यावर उत्तर सापडले. फळ्यावर चारच नावे उरली की लॉबीतला माणूस काहीतरी करायला बांधील असे. शेजारच्या विभागाला फोन जाई, रजेवरच्याला निरोप जाई. आकडा आणि कृती यांच्यामधे एक ठरलेली वाट होती. बोर्डाच्या तक्त्यामागे अशी वाट नाही. तो आकडा येतो, जाहीर होतो आणि पडून राहतो. शिवाय तो प्रत्येक कंपनीचा देशभराचा मिळून एकच येतो. नेब्रास्काच्या एका यार्डात निम्मी माणसे गेली आणि टेक्सासमध्ये तेवढी वाढली, तर तक्त्यात काहीच घडलेले नसते. पटावर आहेत ती सगळी कामावर येण्याच्या स्थितीत आहेत का, हेही त्यातून कळत नाही. आणि कंपनीने एखादे काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिले की ती माणसे कंपनीच्या पटावर नसतातच. काम तेच, रूळ तेच, माणूस मात्र तक्त्याबाहेर.

म्हणून माझ्या मागण्या अगदी ठोस आहेत. तक्ता ठिकाणवार हवा, निदान विभागवार तरी. पटावरचे, घरी बसवलेले, प्रशिक्षणातले आणि कंत्राटातले असे वेगळे रकाने हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचे: एखाद्या गटातली संख्या बारा महिन्यांत ठरावीक प्रमाणाहून खाली गेली, मी दहा टक्के म्हणेन, तर कंपनीने आपण होऊन जाहीर निवेदन द्यावे, की घट कशाने झाली आणि ते काम आता कोण, किती वेळात करणार. घट रोखायचा अधिकार बोर्डाला द्या असे मी म्हणत नाही. उत्तर मागायचा द्या. २०१८ मध्ये असे एक निवेदन लिहावे लागले असते, तर २०२२ चा पेचप्रसंग टळला असता असे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण तो अनपेक्षित म्हणून तरी समोर आला नसता.

कंपन्यांचा पहिला आक्षेप भाराचा. महिन्याचा तक्ता भरायला लागणारा वेळ बोर्डाच्याच अंदाजानुसार कंपनीमागे तास-दोन तासांच्या घरात आहे. दर पंधरवड्याला हजारो माणसांचा पगार काढणाऱ्या कंपनीला आपली माणसे किती हे संगणकावर आधीच ठाऊक असते. मी मागतो ते वाढीव रकाने भरायला आणखी काही तास लागतील. त्या बदल्यात देशाला जे कळते ते पाहता हा भार नगण्य आहे.

दुसरा आक्षेप धंद्याच्या गुपिताचा. हा मला पटत नाही, कारण मनुष्यबळाचा एकूण आकडा याच कंपन्या गुंतवणूकदारांना तिमाही अहवालात स्वतःहून सांगतात; घट झाली असेल तर कौतुकाने सांगतात. जो आकडा शेअर घेणाऱ्याला सांगता येतो तो धान्य पाठवणाऱ्या शेतकऱ्याला आणि रुळाशेजारी राहणाऱ्या कुटुंबाला गटवार सांगण्यात कसली हानी?

तिसरा आक्षेप विचार करायला लावणारा आहे. बेकरीवाल्याला, कापडगिरणीला सरकार असे दर महिन्याला जाहीरपणे माणसे मोजायला लावत नाही. मग रेल्वेलाच का? कारण बेकरी बंद पडली तर लोक दुसरीकडून पाव घेतात. अमेरिकेतल्या असंख्य कारखान्यांच्या आणि धान्यकोठारांच्या दारात एकाच कंपनीचा रूळ जातो. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेला दर ठरवायची मोकळीक मिळाली तेव्हा चाळीसच्या आसपास मोठ्या कंपन्या होत्या. आज सहा उरल्या. यांच्या मार्गांचा मोठा भाग उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात सरकारने दिलेल्या जमिनींवर आणि सक्तीने जमीन घेण्याच्या अधिकारावर. त्या बदल्यात कायद्याने त्यांच्यावर एक बंधन आजही आहे: कोणीही रास्त मागणी केली तर माल न्यावाच लागेल. माणूस नसेल तर हे बंधन पाळता येत नाही. बंधन कागदावर आहे आणि ते पाळण्याची ताकद किती उरली आहे हे कळायची सोय नाही, अशी अवस्था कोणत्याही सरकारने पत्करू नये. यापूर्वी एकदा पत्करून पाहिली आहे. १९९६ मध्ये युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक विकत घेतली. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनभोवतीची वाहतूक गोठली, गाड्या महिनोन्महिने तुंबल्या आणि ३१ ऑक्टोबर १९९७ ला बोर्डाला आणीबाणीचा आदेश काढावा लागला. त्या गोंधळाची कारणे अनेक होती, पण गाडीवर चढायला माणसे कमी पडणे हे त्यांतले एक होते.

आणि माणसे कमी पडतात तेव्हा उरलेल्यांचे काय होते? २०२२ चा रेल्वे कामगारांचा वाद पगारापेक्षा झोपेचा आणि रजेचा होता. फोन वाजला की ठरलेल्या वेळात निघायचे. डॉक्टरची भेट, मुलाचा वाढदिवस, काहीही असो. बारांपैकी चार संघटनांनी तोडगा फेटाळला. डिसेंबरमध्ये काँग्रेसने कायदा करून संप होऊ दिला नाही. पाच वर्षांची मिळून २४ टक्के पगारवाढ मिळाली, पण आजारपणाच्या सात पगारी दिवसांचा प्रस्ताव सिनेटमध्ये पडला. तेव्हा मला आमच्या दाराची कडी आठवली. कॉलबॉयच्या जागी आता मोबाइल आहे, एवढाच फरक. गटवार संख्या घटत असताना गाड्यांची लांबी वाढत होती, हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की तो राग कुठून आला हे समजायला भाषणे लागत नाहीत.

भारतातल्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे रेल्वे सरकारचीच आहे, तेव्हा हा प्रश्न नाही. उलट आपल्याकडे तो अधिक अवघड आहे. अमेरिकेत मोजणारा एक आणि मोजला जाणारा दुसरा. आपल्याकडे दोघे एकच. २०२३ साली रेल्वेत अडीच लाखांच्या घरात पदे रिकामी असल्याचे कळले ते संसदेत प्रश्न विचारला गेला तेव्हा. त्याच वर्षी जूनमध्ये बालासोरचा अपघात झाला होता. माझा मुद्दा त्या अपघाताच्या कारणाविषयी नाही. खासदाराने विचारले, कोणी माहितीचा अधिकार वापरला, की आकडा मिळतो. पुढच्या महिन्यात तो किती झाला हे कळायला पुन्हा कोणीतरी विचारावे लागते. भुसावळ विभागात ट्रॅकमन किती, मंजूर पदे किती, हे दर महिन्याला न विचारता जाहीर व्हायला काय हरकत आहे? हे मागणे सरकारविरोधी नाही. आमच्या लॉबीतला फळा लिहिणारा माणूसही रेल्वेचाच होता.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. मोजणी टिकायची तर मोजणारा निर्भय असावा लागतो. १ ऑगस्ट २०२५ रोजी नोकऱ्यांचे आकडे निराशाजनक आले आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कामगार सांख्यिकी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढले. त्याच महिन्याच्या अखेरीस याच रेल्वे बोर्डाचे सदस्य रॉबर्ट प्रायमस यांनाही काढण्यात आले. त्याआधी काही आठवडे, जुलैच्या शेवटी, युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी ८५ अब्ज डॉलरच्या विलीनीकरणाची घोषणा केली होती. ते मंजूर झाले तर एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणारी पहिली एकसंध अमेरिकी मालवाहू रेल्वे तयार होईल. त्यावर निर्णय देणारे बोर्ड हेच. एखादा निकाल किंवा एखादा आकडा वरच्यांना आवडला नाही म्हणून माणूस जाऊ शकतो, हे बोर्डातल्या प्रत्येकाला आता ठाऊक आहे. अशा वेळी दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकान्यांत, कोणाच्या मर्जीची वाट न बघता जाहीर होणारा तक्ता फार मोलाचा ठरतो. त्यात कोणाचे मत नसते. एखादा रकाना गाळला गेला तर गाळलेला दिसतो.

विलीनीकरणाच्या वेळी नोकरीत असलेल्या संघटित कामगारांपैकी प्रत्येकाची नोकरी राहील, असा शब्द युनियन पॅसिफिकने दिला आहे. मी तो शब्द खोटा धरत नाही. पण तो आज असलेल्या माणसांविषयी आहे, जागांविषयी नाही. माणूस निवृत्त होईल, त्याची जागा भरली जाणार नाही, शब्द मोडला असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि दहा वर्षांनी यार्ड निम्मे रिकामे असेल. नेब्रास्कात नॉर्थ प्लॅटचे बेली यार्ड आहे, जगातले सर्वांत मोठे शंटिंग यार्ड. पेनसिल्व्हेनियात अल्टूनाला इंजिनांचा जुना कारखाना आहे. ही दोन्ही गावे भुसावळसारखीच आहेत. रेल्वे सोडली तर गावाला दुसरा आधार थोडका. जुलै २०२५ मध्ये, म्हणजे घोषणेच्या महिन्यात, या दोन ठिकाणी आणि दोन्ही कंपन्यांच्या बाकी प्रत्येक यार्डात, कारखान्यात, रूळदुरुस्तीच्या टोळीत किती माणसे पटावर होती, तो आकडा बोर्डाने गटवार मागवावा, आत्ताच मागवावा, आणि विलीनीकरणाचा निकाल काहीही लागो, तो जाहीर करून ठेवावा. पाच वर्षांनी मागितला तर मिळेलही, पण तेव्हा तो त्या दिवसाच्या सोयीने जुळवलेला असेल.